कोरडा पंप

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात एक राजा होता आणि त्याच्याकडे दोन मोटारी होत्या. आता तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या राजाकडे मोटारी कुठल्या? अहो, गोष्टीतला राजा तो, त्याच्याकडे काय नसतं! गुमान ऐका.

त्या मोटारींचा मुख्य मिस्त्री होता गेनबा. मोटारीचं काहीही बिघडो, हा आख्खं इंजिन बाहेर काढायचा. नारळ फुटायचा, साखळी लागायची, गावातले गडी ओढायला यायचे आणि गेनबा मधोमध उभा राहून ओरडायचा, "हां, लावा जोर!" लोक म्हणायचे, मिस्त्री असावा तर असा. ते ऐकून स्वारी खूश व्हायची.

एकदा गेनबा परगावी लग्नाला गेला आणि इकडे एका मोटारीचा तेलाचा पंप गेला. इंजिनात सगळीकडे तेल पोचवतो तो हा पंप. गेनबाचा गुरुबंधू चिमाजी मोटारीखाली शिरला. इंजिन जागच्या जागी जरासं उचलून धरलं, खालचं तेलाचं भांडं सोडवलं, जुना पंप काढला, नवा बसवला. नारळ नाही, साखळी नाही. राजा म्हणाला, "वा! गेनबालाही सांगा, असंच करत जा."

झालं! गेनबाच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच उस्तादाकडे दोघं शिकलेले आणि कौतुक याचं? जेवताना बायको म्हणाली, "चिमाजी भावोजींनी चांगलंच केलं की." गेनबानं ताट सरकवलं. "तूही ओवाळ त्याला!"

पुढे दुसऱ्या मोटारीचाही पंप गेला. पहिली मोटार राणीसाहेब माहेरी घेऊन गेल्या होत्या आणि राजाला सकाळी घाटापलीकडून लेकीला आणायचं होतं. राजा म्हणाला, "गेनबा, इंजिन न काढता जमेल ना? नाहीतर काम चिमाजीला देतो, आणि तुझी जागाही."

"न जमायला काय झालं, महाराज?" असं म्हणून गेनबा मोटारीखाली शिरला. काम झकास चाललं होतं. नव्या पंपात तेल भरायला त्यानं बुधली उचलली, तोच चिमाजी वाकून म्हणाला, "गेनूदादा, आधी पंपात तेल भर हं. कोरडा बसवलास तर तो तेल ओढणार नाही."

गेनबाचा हात थांबला. आता भरलं, तर हा गावभर सांगेल, मीच शिकवलं म्हणून! "मला नको शिकवूस," तो म्हणाला. बुधली खाली ठेवली आणि पंप कोरडाच बसवला. बघा, काय म्हणावं या माणसाला!

सकाळी राजा मोटारीत बसला. मोटार वेशीपर्यंत गेली, आतून खडखडली आणि इंजिन जाम झालं.

"काय झालं रे?" धावत आलेल्या दोघा मिस्त्र्यांवर राजा गरजला.

चिमाजी पुढे झाला. "महाराज, नवा पंपच खराब निघाला असेल."

गेनबानं वर पाहिलं. ज्याच्यावर तो इतके दिवस जळत होता, तोच त्याला वाचवत होता. गेनबाला रडू फुटलं. "नाही महाराज. पंप चांगला होता. तेलाची बुधली माझ्या हातात होती. यानं भर म्हटलं, म्हणून मी भरलं नाही."

राजा बैलगाडीनं लेकीला आणायला गेला, आणि मुख्य मिस्त्रीची जागा चिमाजीकडे गेली.

तात्पर्य: मत्सराला दुसऱ्याचं शहाणपण सोसत नाही, म्हणून तो आपलंही सोडायला लावतो.