धुरपाचं पान

एक होता राजा. त्याला सारखेपणाचं भारी वेड. वर्षातून एकदा तो सगळ्या राज्याला जेवू घालायचा, पण पंगती अगदी सारख्या हव्यात. एका पंगतीत जास्त, एकीत कमी, हे त्याला खपायचं नाही. राज्य तरी केवढं? राजा धरून एक हजार नऊ माणसं.

त्यातली एक धुरपा. टेकडीपलीकडे शेवटच्या खोपटात एकटीच राहायची. सगळ्यांच्या पत्रावळी तीच लावायची, बरं का. पण जेवायला बसायची वेळ झाली, की सगळ्या पंगती भरलेल्या आणि ही उरलेली. मग आपलं पान उचलायची आणि चिंचेखाली जाऊन बसायची. तिकडे थट्टामस्करी चालायची, आग्रह चालायचा. हिला कोण आग्रह करणार? घास घशाखाली उतरायचा नाही बिचारीच्या.

एका वर्षी प्रधान म्हणाला, "महाराज, एवढी एक बाई राज्याबाहेर काढली, की सगळं सारखं बसेल."

राजा म्हणाला, "तीनदा मांडून बघू. तिसऱ्यांदा जो उरेल, तो नदीपार."

धुरपाने ते ऐकलं. एकदा टेकडीकडे बघितलं आणि पत्रावळी लावायला बसली.

मग पंगती मांडल्या दोन-दोनच्या. दोघांची कसली आलीय पंगत, पण राजापुढे बोलायचं कोणी? धुरपा उरली.

मग मांडल्या सात-सातच्या. पुन्हा धुरपाच उरली. पदराने डोळे पुसले आणि पान उचललं तिने.

मग मांडल्या अकरा-अकराच्या. आणि काय झालं, तर उरले आठ जण. धुरपा, गुरं बघून उशिरा परतलेले सहा गुराखी आणि आठवा खुद्द प्रधान. मोजता मोजता त्याचं बसायचंच राहून गेलं होतं. आठही जण चिंचेखाली गेले. धुरपाने सरकून प्रधानाला जागा दिली आणि आपला लाडू त्याच्या पानात वाढला.

"घ्या, प्रधानजी. इथे जेवण जात नाही, मला ठाऊक आहे."

प्रधानाची मान खाली गेली. राजाने ते पाहिलं. आता नदीपार कुणाकुणाला धाडणार?

काही आकडे असेच असतात, बाळांनो. कसेही वाटा, कुणीतरी उरतंच. एकेकटे बसतात, नाहीतर सगळे मिळून. मधलं काही जमत नाही त्यांना.

मग राजाने सगळ्या पंगती मोडल्या. एकच मांडली, गावाभोवती, गोल. पहिलं पान राजाचं, शेवटचं धुरपाचं. पण गोलात शेवटचं पान कुठे येतं? पहिल्याच्या शेजारी. धुरपा मात्र सवयीने पान उचलून चिंचेकडे निघाली.

"बाई, कुठे निघालीस?" राजा म्हणाला. "बस इथे. आणि हा लाडू घे. नाही म्हणायचं नाही."

त्या दिवशी धुरपा पोटभर जेवली. पुढे सगळे सुखाने राहिले, आणि चिंचेखाली फक्त चिमण्या जेवायच्या.

चला, आता सरका जवळ. गोधडी एकच आहे. कडेला कोण उरलंय गं? ये, तू माझ्या कुशीत ये. मीट डोळे.