ढोलबुवाचा पाय

सह्याद्रीत माणसाची पायवाट उमटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खालच्या तळ्यातला थोराड बेडूक ढोलबुवा धबधब्यावर पाहुणा म्हणून गेला. तिथले अंगठ्याएवढे बेडूक आवाज न करता नुसते मागचे पाय हलवत.

ओढ्याच्या शांत वळणावर त्याने यजमान ठिपक्याला गाठलं. "अरे, सगळ्यांचे घसे बसलेत का? लाथा कसल्या झाडता?"

"बुवा, धबधब्यापुढे कुणाच्या गळ्याचं काही चालत नाही. बोटं फाकवली की 'मी इथे आहे'. पाय मागे झटकला की 'पळा'."

"माझा आवाज तीन टेकड्यांपलीकडे जातो!"

दुसऱ्या दिवशी ठिपक्या धबधब्याजवळच्या दगडावर त्याच्याकडे तोंड करून बसला होता. त्याच्या पाठीमागच्या कपारीतून एक साप सरपटत निघाला. ढोलबुवाने गाल फुगवून आरोळी ठोकली, "पळ!" ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही. तो पुन्हा जिवाच्या आकांताने ओरडला. बुवा गातायत असं वाटून ठिपक्या कौतुकाने बघत राहिला. सापाने झेप घ्यायला मान मागे घेतली.

आता लाजून भागणार नव्हतं. ढोलबुवाने आपला जाडजूड पाय उचलला, मागे झटकला आणि तोल जाऊन पालथा पडला. सावरून पाहतो तर दगडावर एकटा साप.

पलीकडच्या काठावर ठिपक्याने बोटं फाकवून पाय वर केला. ढोलबुवाने सवयीने गाल फुगवले. मग हवा सोडून दिली, आणि पाय उचलला.