अडखळणाऱ्यांची घंटी

तालुक्याच्या एका गावी इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. चालवायचे बोराडे सर. त्यांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची असते तसली घंटी होती. बोलताना कुणी ‘अं…’ केलं, की टिंग! बोलणाऱ्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी हसायचं. घंटीवर दर आठवड्याला नव्या विद्यार्थ्याची पाळी. “घंटी माणूस बघत नाही,” सर अभिमानाने सांगत.

महिन्याभरात क्लासात कुणी अडखळेना. कारण कुणी बोलेचना.

तिथे शेवंता गवारे शिकायला येई. तिला दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर नोकरी हवी होती, आणि दवाखाना क्लासचं शिफारसपत्र मागत होता. तिला उत्तरं यायची. पण शब्द शोधायला जरा थांबली, की टिंग! जिभेवर आलेला शब्द पळून जायचा.

क्लासच्या शेवटच्या दिवशी शिफारसपत्रं वाटायला, क्लास ज्या संस्थेचा तिचे अध्यक्ष आबासाहेब आले. घंटीवर नेमकी शेवंता. आबासाहेब भाषणाला उभे राहिले.

“डिअर स्टुडंट्स, अं… इंग्लिश इज, यू नो, अं…”

सर कौतुकाने मान डोलवत होते. शेवंताचा हात घंटीकडे गेला, तसे त्यांनी डोळे वटारले. शेजारीच तिच्या नावाचं पत्र पडलं होतं. तिला ते दिसत होतं. तिने घंटी वाजवली.

“अगं ए, अक्कल आहे का? अध्यक्ष आहेत ते!”

“उभे तर ते आहेतच, सर. आता आम्ही हसायचं ना?”

आबासाहेब लालबुंद झाले. “मूर्ख मुली, मी विचार करत होतो!”

“आम्हीपण विचारच करत होतो, आबासाहेब. तीन महिने.”

“माफी माग,” सर गरजले, “नाहीतर पत्र विसर!”

माफी कशाची, हे काही तिला कळेना. पत्र तिथेच सोडून ती निघाली.

पत्र नाही म्हणून त्या दवाखान्याने तिला परत पाठवलं. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्या ठिकाणी बोलता बोलता ती “अं…” म्हणून थांबली. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. शेवंताला शब्द सापडला. मग नोकरीही.

तात्पर्य: शब्द शोधणाऱ्याला थांबू द्यावं. आणि शिकणाऱ्यांना हसण्याची हौस असलेल्या मोठ्यांनी आधी स्वतःचं भाषण ऐकावं.