वाऱ्याचे आडनाव

एका पठारावर एकदा दोनच माणसे राहत होती, आणि त्यांतले एक फारसे बोलत नसे.

न बोलणारे ते वृद्ध गुरुजी. ऊन, वारा, पाऊस आणि दहिवर यांची नोंद त्यांनी आयुष्यभर ठेवली होती. त्या वह्यांनी पत्र्याच्या दोन पेट्या भरल्या होत्या. पेरणीआधी, मळणीआधी, कधी लग्नाचा मांडव घालण्याआधी खालच्या खोऱ्यांतली माणसे पठार चढून त्यांना विचारायला येत आणि उत्तर घेऊन उतरून जात. दुसरा होता त्यांचा शिष्य. पौष पौर्णिमेला तो आला, तेव्हा गुरुजींनी त्याला एक नवी वही दिली, अंगणातला तापमापक दाखवला, कातळावरच्या बांबूला बांधलेली पांढऱ्या कापडाची पट्टी दाखवली आणि म्हणाले, "सकाळी आठला तापमान, आणि गवतावर दहिवर आहे की नाही ते. दुपारी चारला वाऱ्याची दिशा. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही." एवढे सांगून ते आत गेले.

शिष्य काटेकोर होता. आठ म्हणजे आठ. पहिले दहा दिवस त्याला फार बरे वाटले. पुढे पुढे मात्र एक दिवस दुसऱ्यासारखा दिसू लागला. सकाळी वारा पडलेला, दुपारी उठलेला, आभाळ निरभ्र. थंडी रोज थोडी थोडी निघून जात होती, पण जाताना दिसत नव्हती. ती फक्त वहीत दिसे. चौदा, साडेचौदा, पंधरा, पुन्हा चौदा, सोळा. वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असे. तिथे तो 'विशेष काही नाही' असे लिही. एकदा त्याने लिहिले, 'आज कोणी आले नाही.' मग ते हवामान नव्हे, हे ध्यानात येऊन त्याने ती ओळ खोडली.

घरून तो भांडून निघाला होता. वडील म्हणाले होते, "आभाळाकडे बघून कुणाचं पोट भरलंय?" तो म्हणाला, "माझं भरेल." निघताना तो पाया पडायला वाकला, तेव्हा वडील सुपातले बियाणे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर ना इकडून पत्र गेले, ना तिकडून आले.

दिवसातली त्याची आवडती वेळ एकच, दुपारी चारची. तो कातळावर जाऊन बांबूजवळ उभा राही. कापडाची पट्टी ताठ होऊन पूर्वेला फडफडत असे, आणि पूर्वेला तीन डोंगररांगांपलीकडे त्याचे गाव होते. तो त्या दिशेला बराच वेळ पाहत राही. मग वहीत लिही, 'पूर्व'.

शिवरात्र आठवड्यावर आली तेव्हा एक वीटभट्टीवाला धापा टाकत वर आला. पाणी पिऊन होताच तो म्हणाला, "गुरुजी, खाली अक्कांच्या आमराईशेजारी भट्टी लावतोय. जागा अक्कांचीच आहे. पण झाडं मोहोरलीत, आणि अक्का म्हणतात, धूर मोहोरावर आला तर तुझ्या विटा तुझ्याच डोक्यात घालीन. मी या भागात नवा. खाली खोऱ्यात वारा नुसता घुमतोय, काही उमगत नाही. खरा वारा कुठला, ते तुम्ही सांगा."

गुरुजींनी शिष्याकडे बोट केले. "वही याच्याकडे आहे. याला विचार."

भट्टीवाल्याने शिष्याला न्याहाळले. "ह्याला? ह्याच्या वहीपेक्षा माझी टोपी जुनी आहे."

शिष्याने वही उघडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला काही विचारत होते. त्याने बोट फिरवत दोनदा मोजले आणि सांगितले, "सदतीस दिवस झाले. त्यांतले सहा दिवस वारा नव्हता. बाकी एकतीस दिवस पूर्वेचा वारा."

"म्हणजे धूर मावळतीला जाणार," भट्टीवाला खूश होऊन म्हणाला. "मग आमराईच्या मावळतीला, ओढ्याकाठी रचतो. पाणीही हाताशी. बरं झालं बाबा, तू लिहून ठेवलंस."

"पेटवणार कधी?" गुरुजींनी विचारले.

"रचायला आठ दिवस. नवव्या दिवशी आग."

भट्टीवाला उतरून गेल्यावर गुरुजींनी वही मागून घेतली. एक पान पाहिले, दुसरे पाहिले, वही मिटून परत दिली.

संध्याकाळी शिष्याने घागर उचलली, तसे ते ओसरीवरून म्हणाले, "विहीरकर, दोराची गाठ नीट बघ."

आपण चुकीचे ऐकले, असे शिष्याला वाटले. पण तो चुलीकडे वळला तेव्हा हाक आली, "चूलकर, भात मऊ होऊ दे." सकाळी तो तापमापक पाहायला निघाला, तर "अंगणकर, आठ वाजले." गाईला वैरण टाकायला गेला तेव्हा गोठेकर झाला. तांब्या घेऊन पठाराच्या कडेला निघाला, तर मागून शांत आवाजात हाक आली, "झुडपेकर, काटे सांभाळ."

पहिल्या वेळी त्याला हसू आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पार विरले. जो माणूस दिवसाला पाच वाक्येही बोलत नाही, त्याने बोलायला सुरुवात केली ती अशी. आणि आडनाव म्हणजे साऱ्या घरातून त्याच्या हाती उरलेली एकच वस्तू होती. चार वाजायच्या सुमारास तो वही घेऊन निघाला, आणि "कातळकर" अशी हाक ऐकताच थांबला.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझं आडनाव बोरजाईकर आहे. माझी चेष्टा करायची असेल तर खुशाल करा, पण नाव तेवढं राहू द्या. निघताना तेवढंच घेऊन आलोय."

"मला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "पण बोरजाई राहिली मागे. आत्ता तू कातळाकडे चालला आहेस. माणूस जिकडे चालला, तिकडचं नाव त्याला दिलं तर बिघडलं काय?"

"असं कोणी नाव देतं का? विहिरीवर गेला म्हणून कोणी विहीरकर होतो? माणूस जिथून येतो तिथलंच नाव..."

तो मध्येच थांबला. कातळावरचे कापड पूर्वेला ताठ झाले होते. त्याने मान फिरवली. वारा पश्चिमेकडून त्याच्या तोंडावर आला.

शिष्य कसाबसा म्हणाला, "एकतीस दिवस. सगळे उलटे."

"चूक थोडी माझीही," गुरुजी म्हणाले. "मी दिशा लिही म्हणालो. कोणती, ते सांगितलं नाही. मला वाटलं, हे सर्वांनाच ठाऊक असतं. तसं ते तुलाही ठाऊक होतं. बस इथे. वारा कुठे जाणार, हे आपल्याला कळत नाही. तिसऱ्या डोंगरामागे तो वळतो की पडतो, कुणी पाहिलंय? पण येताना तो आपलं गाव अंगावर घेऊन येतो. समुद्राकडून आला तर ओल आणतो, माळावरून आला तर धूळ. म्हणून जाणत्यांनी त्याला मागचं नाव दिलं. आणि आपल्याकडे माणसालाही तेच दिलं. तू रोज चारला वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतोस. मी दारातून पाहतो. तुला वाटतं, गाव तिकडे समोर आहे आणि तू इथे एकटा आहेस. अरे, गाव तुझ्या अंगावर आहे. तिथली बोली, तिथल्या पाण्याची काटकसर, बापाचा हट्ट, सगळं घेऊनच तू इथवर आलास. घागर भरताना एक थेंब सांडू देत नाहीस, ते काय मी शिकवलं?"

शिष्याने वही मांडीवर घेतली आणि पाने मुठीत धरली. गुरुजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"फाडू नकोस. पाहिलंस ते खरंच पाहिलंस, नाव उलटं दिलंस. एक ओळ लिहिली की पुढचा माणूस समजून घेईल. पण ती आल्यावर लिही. खाली दोन दिवस विटा रचताहेत."

"तुम्ही याल का बरोबर?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "वारा तू सांगितलास."

उतरताना त्याला दोनदा वाटले, की पायथ्याशी पोचल्यावर आमराईकडे न वळता सरळ रस्त्याला लागावे. रस्ता कुठे जातो, हे ठाऊक नव्हते, पण तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते. मग मोहोराचा वास आला. तो इतका दाट होता, की त्याला वाट सोडता येईना.

कच्च्या विटांचे चार थर ओढ्याकाठी रचून झाले होते. त्याने सांगितले, तेव्हा भट्टीवाला हातातली वीट खाली ठेवायचे विसरला.

"एकतीस दिवस उलटे? तुमच्याकडं दिवस कुठून उगवतो बाबा, ते तरी बघितलंयस का?"

"चूक माझी आहे. वारा पश्चिमेचा आहे. इथे भट्टी पेटली तर धूर आमराईवर जाईल."

"आणि आमराईच्या उगवतीला काय आहे, बघ जरा. नुसता माळ. पाणी कोण वाहणार तिथं? ह्या विटा कोण हलवणार? कच्च्या आहेत. एक पडली की तिची माती."

"मी हलवतो."

अक्का झाडाखाली बसल्या होत्या. साठीच्या, हातात काठी. त्या उठल्या, भट्टीवाल्याला म्हणाल्या, "तू ओरड, तुझा हक्क आहे. पण आग लागायच्या आधी आलाय तो. नंतर आला असता तर मी काय खात होते आणि तू काय खात होतास?" मग शिष्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू उभा काय राहिलास? लाव हात."

दोन दिवस लागले. एका वेळी चार विटा, फळीवर ठेवून, पोटाशी धरून. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी त्याच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला आणि विचारले, "कुठला रे तू?"

पठारावर आल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "बोरजाईचा."

"कुठं आलं ते?"

त्याने हाताने पूर्व दाखवली. अक्कांनी ते नाव ऐकले नव्हते, शेजारी जेवत बसलेल्या भट्टीवाल्यानेही नाही. तेव्हा तो सांगू लागला. गावात विहीर एक, तिला बहात्तर पायऱ्या, आणि उन्हाळ्यात शेवटची पायरीसुद्धा कोरडी. म्हणून तिथे पाहुण्याला आधी गूळ देतात आणि मग पाणी, म्हणजे पाणी कमी लागते. लोक हळू बोलतात, पण बोललेले सोडत नाहीत. त्याचे बोलणे थांबेना. भाकरी हातातच राहिली.

"असलं गाव सोडलंस ते झ्याक केलंस," भट्टीवाला म्हणाला.

"केलं का ते ठाऊक नाही. वडील बोलत नाहीत माझ्याशी."

"तू बोलतोस का त्यांच्याशी?" अक्कांनी विचारले.

शिष्य हातातल्या भाकरीकडे पाहू लागला.

"मग? तेही बोरजाईचेच ना," अक्का म्हणाल्या. "खा आता. ऊन चढतंय."

तो परतला तेव्हा दिवस कलला होता. त्याने हात धुतले, वही उघडली आणि कोऱ्या पानावर लिहिले, 'पौष पौर्णिमेपासूनच्या सदतीस दिवसांत जिथे पूर्व लिहिले आहे तिथे पश्चिम वाचावे. वारा जिकडे चालला ती दिशा मी लिहीत होतो.' खाली त्याने आपले नाव आडनावासकट लिहिले. गुरुजींनी ते वाचले आणि वही परत दिली. त्या दिवसापासून त्यांनी त्याला बोरजाईकर म्हणूनच हाक मारली. पण पुन्हा दिवसाला पाचच वाक्ये.

कबूल केल्यापेक्षा चार दिवस उशिरा भट्टी पेटली. दुपारी चारला शिष्य कातळावर गेला. आज गुरुजीही काठी टेकत त्याच्यामागे आले. खाली आमराईचे शेंडे पिवळसर दिसत होते. त्यांच्या उगवतीला माळावरून धूर उठत होता. आधी सरळ वर, मग खोऱ्याबाहेर आल्यावर वाकून, रुंद होत, पहिल्या डोंगररांगेकडे.

"कुठला वारा?" गुरुजींनी विचारले.

शिष्य पश्चिमेला वळला, तोंडावर वारा घेतला आणि म्हणाला, "पश्चिमेचा."

"लिही."

त्याने लिहिले. शाई वाळल्यावर वही मिटली.

"आणि चाललाय कुठे?"

शिष्याने वळून धुराकडे पाहिले. "आमच्या गावाकडे, गुरुजी."

"ते लिहायचं नसतं," गुरुजी म्हणाले. "पाहायला मात्र कोणी नको म्हटलेलं नाही."

मग दोघे तिथेच उभे राहून, धूर दिसेनासा होईपर्यंत पूर्वेकडे पाहत राहिले.