पिवळ्या डोळ्याचे फूल

देवाला वाहिलेल्या फुलाने गावाचा घास घ्यावा, असे कधी ऐकले आहे का?

आपल्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट. मोहबोडी गावात ढिवरांच्या चाळीस चुली तळ्यातल्या मासळीवर पेटत. त्यांतली एक भागरथेची. नुसते पाणी पाहून तिला मासळीचा ठाव कळे, असे म्हणतात.

गावचे मालगुजार दौलतराव यांनी परगावाहून जांभळ्या फुलांचे तरंगते रोप आणले आणि देवळामागच्या हौदात वाढवले. खुडलेले फूल खंडित, म्हणून ते दर सोमवारी महादेवाला अख्खे रोपच मुळासकट वाहत, आणि रीतीप्रमाणे निर्माल्य तळ्यात सोडत.

दोन पावसाळ्यांत तळे झाकले गेले. एका सकाळी पानांच्या फटींतून मेलेल्या मासळीची पांढरी पोटे दिसली. सारे गाव काठावर जमले.

भागरथा पाण्यात उतरली. तिने एक रोप उपटून उन्हात धरले.

"देठाले फुगा, मुळाले काळे केस, पाकळीवर पिवळा डोळा. नीट पाहून ठेवा. मालक, हे तळ्यात नका सोडू जी."

"मासोळ्या विकणारी मले पूजा शिकवते काय?" दौलतराव तळ्याच्या पायरीवरून गरजले.

"शिकवत नाही जी. देव फूल घेते, पण मूळ तर तळ्यातच राहते ना!"

बारा महिने ती रोपे उपटत राहिली. तोडलेला तुकडा पुन्हा वाढतो, हे जाणून ती प्रत्येक रोप अखंड काढी आणि मुळे सूर्याकडे करून बांधावर वाळवी. हळूहळू चाळीसही घरे पाण्यात उतरली. शेवटी दौलतरावांनीही पिंडीवर हात ठेवून शपथ घेतली, की मुळासकट फूल पाण्यात जाणार नाही.

शेवटचे रोप निघाले, त्या दिवशी भागरथा पाण्याबाहेर आलीच नाही. ती बुडाली तिथे हजारो मासे एकदम उसळले, असे म्हणतात.

आजही श्रावणातल्या पहिल्या सोमवारी गाव आधी तळ्यात उतरते, पिवळ्या डोळ्याचे रोप शोधते, सापडले तर बांधावर उलटे वाळत घालते. मगच देवळाची घंटा वाजते. तिला भागरथेची घंटा म्हणतात.

आणि दौलतराव? त्यांनी एक रोप हौदात लपवले होते. भागरथेचा तेरावा होताच ते त्या रोपाचे निर्माल्य घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरले. काळी मुळे त्यांच्या मनगटांना वेढताना पाणी भरणाऱ्या बायकांनी पाहिली. किंकाळी ऐकून गाव धावले. पाणी नितळ होते, तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि दौलतराव कुठेच नव्हते.