बुवांचं पान

“मग कात्री कुणावर चालवलीस?” केशरगीर बुवांनी विचारलं.

वैजयंती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिने पदराने कपाळ पुसलं.

वैजयंती थोरबोले म्हणजे महापालिकेच्या उपायुक्त. बाहेर त्यांच्या एका सहीने रस्ते खोदले जात, आणि कधीकधी बुजवलेही जात. मठाची पायरी चढली की मात्र ती पूर्वीची वैजू व्हायची. तिला ते मनापासून आवडायचं. जगात एवढं एकच ठिकाण उरलं होतं, जिथे तिला कुणी ‘मॅडम’ म्हणत नसे.

“आधी सगळं ऐकून तर घ्या, बुवा.”

“ऐकतोय की.”

गुन्हा घडला की पोलीस येतात. तो घडूच नये म्हणून काय करायचं ते महापालिकेने बघावं, असं शहरात ठरलं होतं. त्या सगळ्या कामांची मोट बांधायची जबाबदारी वैजयंतीकडे आली होती. काम कसलं, तराजूत बेडूक तोलायचे होते. एकाला बसवावं तर दुसरा उडी मारतो.

विद्युत विभाग दिव्याचा खांब उभारी आणि उद्यान विभागाचं झाड नेमकं त्याच्यापुढे फांद्या पसरी. कॅमेरे बसत बाजारपेठेत, पाकिटं मारली जात बसस्थानकामागच्या बोळात. मोहल्ला समित्या तर एकेका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन. सगळ्यांत तीच माणसं, तोच चहा. प्रत्येक खात्याला वाटे, शहराची झोप आपणच राखतोय.

वैजयंतीने खस्ता खाऊन हे सगळं एका रांगेत आणलं. आणि रांग लागते न लागते तोच अंदाजपत्रकात पैसे कमी पडले. कामं पाच, पैसे चारांपुरते. उद्या सकाळी स्थायी समितीपुढे एका कामाचं नाव खोडायचं होतं.

“दिवे खोडले तर बायका मला रस्त्यात गाठतील,” ती म्हणाली. “कॅमेरे खोडले तर व्यापारी बाजार बंद ठेवतील. महिला पथक खोडायला माझाच हात धजत नाही. आणि समित्या खोडल्या, तर नगरसेवक मलाच खोडतील.”

बुवा खो खो हसले.

“मग राहिलं काय?”

“परतवाट.”

बुवांचं हसू थांबलं नाही, नुसतं बारीक झालं.

परतवाट म्हणजे तुरुंगातून सुटून आलेल्यांची सोय. सुटलेल्या माणसाला दारात कुणी उभं करत नाही. काम कुणी देत नाही. मग तो पुन्हा जुन्या सोबत्यांकडे जातो आणि जुन्याच धंद्याला लागतो. तसं होऊ नये म्हणून त्याला काही महिने पाठ टेकायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि मंडईत नाहीतर गोदामात काम मिळवून द्यायचं. हे सगळं चालायचं ते बुवांच्या मठात.

“आमच्याकडचं?” बुवांनी विचारलं.

“तुमच्याकडचं म्हणूनच, बुवा!”

आता ती सरसावून बसली.

“परवा सभेत एक गृहस्थ बोललेच. म्हणाले, मॅडमचेच गुरू आणि मॅडमचाच निधी. माझ्या जिव्हारी लागलं ते. तेव्हाच ठरवलं, कात्री आपल्या घरापासूनच लावायची. पुन्हा कुणाची बोट दाखवायची टाप होता कामा नये. आणि हे मला तुम्हीच शिकवलंत. वाढप्याने आपल्या माणसाला शेवटी वाढावं.”

खरं होतं ते. मठात दर गुरुवारी दुपारी पंगत बसायची. येईल तो जेवायचा. लहानपणी वैजू आईबरोबर यायची आणि हौसेने वाढायची. एकदा तिने आईच्या पानावर बासुंदीच्या दोन वाट्या ओतल्या, तेव्हा बुवांनी तिच्या हातातून ओगराळं काढून घेतलं होतं. मठाची रीतच होती तशी. वाढणाऱ्याचं माणूस शेवटी. आणि बुवा तर सगळ्यांचेच, म्हणून बुवांचं पान सगळ्यांत शेवटी.

बुवांनी तिच्याकडे मान वळवली.

वैजयंतीला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील. निदान ‘शाबास’ म्हणतील. म्हातारा नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एखाद्या पोराने गणित बरोबर सोडवावं, पण भलतंच गणित सोडवावं, तेव्हा मास्तर बघतात तसा.

“रागावलात का?”

“छे. तुझ्यावर कशाला रागावू? एवढी गाडी उन्हात उभी करून मला सांगायला आलीस.” बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “आज गुरुवार आहे. पंगत बसतेय. आमटी वाढणार का?”

“हे काय विचारणं झालं?”

तिने पदर खोचला. उपायुक्तपण ओसरीवरच राहिलं.

बुवा चुलीकडे गेले.

पंगत मोठी होती. हमाल, भाजीवाल्या, रिक्षावाले, दोन-चार म्हातारे, आणि परतवाटेतली माणसं. पत्रावळी मांडलेल्या. खांबाशेजारी बुवांचा पाट, तो तेवढा शिसवी. मठात दुसरीही एक रीत होती. एकही पान रिकामं असेल तोवर कुणी घास उचलायचा नाही. सगळी पानं भरली की बुवा श्लोक म्हणत, आणि मग हात पानाला लागत.

मीठ-लिंबू वाढणारा पुढे गेला. भाजीवाला गेला. भातवाला गेला. मागून वैजयंती आमटी घेऊन निघाली. वाढप्याची नजर पानावर असते, माणसाच्या तोंडावर नसते. त्यात तिच्या डोक्यात उद्याचं भाषण घोळत होतं. ‘सुरुवात मी माझ्यापासून करते...’ वाक्य छान बसलं होतं. टाळ्या पडल्या नाहीत तरी माना नक्की हलतील.

शिसवी पाट आला. तिने ओगराळं वर उचललं आणि पुढे सरकली. बुवांचं शेवटी, ते येऊन बसले की.

रांग संपली. वाढणारे भिंतीला टेकले.

पंगत थांबली.

भाताची वाफ विरली. आमटी निवायला लागली. कुणीतरी खाकरलं. एक म्हातारी शेजारणीला कोपराने ढोसू लागली. हात मात्र कुणाचा पानाकडे जाईना.

बुवा उपरण्याला हात पुसत बाहेर आले.

“काय गं, कशासाठी अडलंय?”

“तुमच्यासाठीच की! लोक केव्हाचे ताटकळलेत. या, पानावर बसा आणि श्लोक म्हणा.”

“पानावर माणूस आहे, वैजू.”

तिने वळून पाहिलं.

शिसवी पाटावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. खांद्यावर गोणीच्या सुतळीचे वळ. त्याच्यापुढचं पान कोरं होतं. मीठसुद्धा नव्हतं त्यावर. भाजीवाल्याला रीत पाठ, भातवाल्याला पाठ, सगळ्यांनाच पाठ. प्रत्येक जण ते पान चुकवून पुढे गेला होता.

आणि त्या माणसाने पानावर आपला पंजा आडवा धरला होता. पोट भरलेला माणूस आग्रहाला ‘नको, नको’ म्हणताना धरतो ना, तसा.

वैजयंती दोन पावलं पुढे आली.

“अहो, तुम्ही बोलला का नाहीत?”

“राहू द्या ताई,” तो पुटपुटला. “आमच्यापायी एवढ्या लोकांचं जेवण अडायला नको. म्हटलं, हात आडवा धरला की त्यांना वाटेल, याला नको आहे. पण ही मंडळी ऐकेनात.”

“हे इथे कसे बसले?” तिने बुवांना विचारलं.

“मीच म्हटलं, आज तू बस माझ्या पाटावर. दिनकर वाबळे. मोटारसायकली चोरायचा. आता मंडईत गोण्या वाहतो. तुझ्याच परतवाटेतला.”

“माझ्या...” ती म्हणाली, आणि तिथेच अडली.

तिला एकदम या म्हाताऱ्याचा राग आला. आणि त्या रागाहून मोठी माया दाटून आली. काय सांगायचं ते सरळ सांगेल तर शपथ! तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण आपल्या गुरूचं पान चुकवलं म्हणून मिरवत होतो, आणि या माणसाकडे आपण बघितलंसुद्धा नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने मीठ-लिंबाचं ताट, भाजी, भाताची परात, सगळं जवळ मागवलं. पाटासमोर खाली बसली.

“हात काढा, दादा.”

तो हात काढेना.

“काढा. मी वाढतेय.”

दिनकरने हळूच हात मागे घेतला. तिने मीठ वाढलं, लिंबू वाढलं, भाजी वाढली, भाताची मूद ठेवली. आमटी वाढताना चार थेंब दिनकरच्या गुडघ्यावर सांडले.

“असू द्या, ताई,” तो म्हणाला. “गरम आहे अजून.”

बुवांनी श्लोक म्हटला. पंगत जेवू लागली.

वैजयंती बुवांपाशी येऊन उभी राहिली. दिनकर खाली मान घालून जेवत होता, सावकाश, कुणी पान ओढून नेणार नाही याची खात्री नुकतीच पटल्यासारखा. तिची नजर त्याच्यावरून हलेना.

“बुवा, परतवाट राहील.”

“बरं.”

“बाकीच्या चारांमधून थोडं थोडं काढते. समित्यांचा चहा आधी बंद. बाजारपेठेत एकाच दुकानावर रोखलेले तीन-तीन कॅमेरे आहेत, ते नव्याने घेत नाही.”

“व्यापारी ओरडतील.”

“ओरडू देत. पण ते गृहस्थ?” तिचा आवाज उतरला. “ते उद्या उभे राहतील, बुवा. सगळ्यांदेखत म्हणतील, बाईंनी शेवटी गुरूचंच पान भरलं. माझं सोडा. तुमच्या नावाला बट्टा लागेल. त्यांना मी काय सांगू?”

बुवांनी दात कोरायची काडी शोधायला कनवटी चाचपली...

“सांगा ना.”

बुवा काडी शोधतच राहिले.

वैजयंतीने सुस्कारा सोडला. मग तिला भानावर आल्यासारखं झालं. तिने घाईघाईने नवी पत्रावळ घेतली, पाणी शिंपडून पुसली आणि खांबापाशी मांडली.

“जाऊ दे, उद्याचं उद्या. आधी तुम्ही बसा बघू. एवढी दुपार झाली, आणि माझ्या शहाणपणापायी तुम्ही उपाशी राहिलात.”

“उपाशी?” बुवा म्हणाले. “मी तर मघाशीच चुलीपाशी बसून पोटभर जेवलो, वैजू. पाटावरचं ते पान माझं नव्हतंच.”