सतरंजीवरची जागा

“बाबा, गरिबांना घरं बांधून द्यायला सगळ्यांची संमती असते. मग आपल्या शेजारी बांधायला कुणाचीच का नसते?”

यशोधन प्रधानांनी हे इतक्या पोटतिडकीने विचारलं, की नूरशहाबाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

प्रधान महापालिकेचे नगररचनाकार. शहरातल्या स्वस्त घरांची योजना त्यांनीच आखली होती, आणि असा आराखडा दुसऱ्या कुणाला जमलाच नसता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बाबा मंडईमागे राहणारे फकीर. पत्र्याची एक शेड आणि तिच्या सावलीत अंथरलेली सतरंजी, एवढाच त्यांचा संसार. पण मंडईतली माणसं त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. म्हणून तर प्रधान भर उन्हात आले होते.

“तळ्याकाठी जागा पाहिली, तर सकाळी फिरायला येणारे चिडले. शाळेजवळ पाहिली, तर पालकांनी मोर्चा आणला. जो तो म्हणतो, घरं झालीच पाहिजेत, फक्त इथे नकोत. माणसाचं मन इतकं अरुंद कसं हो?”

बाबा काही बोलणार, तेवढ्यात मासळी विकणारी सुलाबाई रिकामी पाटी घेऊन आली आणि प्रधानांच्या शेजारी टेकली.

प्रधान थोडे सरकले. पॅंट इस्त्रीची होती.

“आता खाणीपलीकडे जागा काढलीय,” ते म्हणाले. “तिथे विरोध करायला कुणी राहतच नाही.”

“बस जाते का तिथं?” सुलाबाईने विचारलं.

“प्रस्तावित आहे.”

मग तुळशीराम आला. नालेसफाईचं काम करून थेट आलेला, गुडघ्यापर्यंत ओला. तो सुलाबाईपलीकडे बसला.

प्रधान बोलता बोलता सतरंजीच्या कडेला गेले.

मग छत्र्या दुरुस्त करणारे करीमचाचा आले, शेळीसकट. शेळीने प्रधानांच्या बाहीचा वास घेतला.

प्रधान आणखी सरकले.

“उद्या सभेत मंजुरी आहे,” ते आता जरा मोठ्याने बोलत होते, कारण बाबा लांब पडले होते. “ही घरं ज्यांना मिळणार, त्या मंडईतल्या लोकांना तुम्ही एवढंच सांगा, की खाणीकडची जागा काही वाईट नाही. आणि मला एक समजावून सांगा, बाबा. ही शहरातली माणसं दुसऱ्याला थोडी जागा का करून देत नाहीत?”

बाबांनी प्रधान बसले होते तिकडे पाहिलं. नुसते पाहत राहिले...

प्रधानांनीही पाहिलं. ते उन्हात बसले होते. आजूबाजूला सगळ्यांच्या चपला होत्या, एक तर त्यांच्या खालीच होती. आणि ते पहिल्यांदा जिथे बसले होते, तिथे शेळी बसली होती.

कुणी हसलं नाही.

सुलाबाईने पाटी मांडीवर घेतली. “या साहेब, होईल जागा.”

तुळशीरामने पाय आखडले. चाचांनी शेळीला ओढलं.

प्रधान उठले आणि अंग चोरून त्यांच्यात बसले. एका बाजूला मासळीचा वास, दुसऱ्या बाजूला तुळशीरामचे ओले पाय. हलायला जागा नव्हती. पण सावली होती.

प्रधानांनी रुमाल काढून घाम पुसला.

“बाबा,” प्रधान हळूच म्हणाले, “आमच्या कॉलनीला लागून एक भूखंड आहे. घरांसाठीच राखून ठेवलेला. मी तो आराखड्यात धरला नव्हता.”

“का?”

“तिथे आमचं बॅडमिंटन चालतं.”

तुळशीरामला एकदम खोकला आला.

बाबांनी मात्र मान डोलावली, जणू कारण त्यांना पूर्ण पटलं होतं.

“उद्या सभेत मी तोच मांडतो,” प्रधान म्हणाले. आपल्याच तोंडून हे ऐकून ते घाबरले. “पण कॉलनी पेटून उठेल. बायको घरात घेणार नाही. बाबा... अशा वेळी माणसाने करायचं काय?”

शेडच्या तोंडाशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. आत कुठे टेकता येईल का, ते पाहत होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग प्रधानांकडे.

“सध्या थोडं सरका.”